दिवेलागण ते निजानीज: मोबाइलविना संध्याकाळ कशी बसवायची

संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवण्याचा बेत बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी फसतो. मनाचा निग्रह कमी पडतो म्हणून नव्हे. रात्री अकराला आठवतं की सकाळचा गजर मोबाइलवरच लावायचाय, दूधवाल्याला उद्या एकच पिशवी सांगायचीय, आजींच्या डॉक्टरांची वेळ किती वाजताची ते बघायचंय. तेवढ्यापुरता मोबाइल हातात येतो आणि पाऊण तास कुठे गेला ते कळत नाही. म्हणून आधी मोबाइलकडची कामं काढून घ्यायची आणि मग मोबाइल दूर करायचा. क्रम उलटा केलात तर बेत फसलाच म्हणून समजा.

जुन्या संध्याकाळीत कसलीही जादू नव्हती. सूर्य मावळला की उजेड कमी व्हायचा, जेवणं लवकर उरकायची, अंगणात चार पावलं टाकून झाली की अंथरुणं पडायची. शरीराला रोज त्याच क्रमाने त्याच खुणा मिळायच्या. त्यातलं जे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणि साडेसातला घरी येणाऱ्या माणसाला जमतं, तेवढंच इथे घेतलंय.

आधी मोबाइलची कामं वाटून द्या

रात्री नऊनंतर मोबाइल कशासाठी उचलला, याची तीन दिवस कागदावर नोंद करा. एकेक शब्द पुरे. गजर, वेळ, बॅटरी, निरोप, हवामान, गाणी, हिशेब अशी यादी निघते. तिच्यातल्या प्रत्येक कामाला घरातली एक वस्तू नेमायची.

सगळ्यात महत्त्वाचा गजर. सेलवर चालणारं साधं टाइमपीस पुरतं. एक पेन्सिल सेल कित्येक महिने जातो. विकत घेताना दुकानात कानाशी धरून बघा. सेकंदकाटा टकटक उड्या मारत जात असेल तर रात्रीच्या शांततेत तो आवाज छळतो. सरकत जाणारा काटा असलेलं घ्या. चावीचं जुनं घड्याळ माळ्यावर असेल तर तेही चालेल. त्याच्या पाठीला दोन चाव्या असतात, एक घड्याळाची आणि एक गजराची. बाणाच्या दिशेने, हाताला अडेपर्यंत द्यायच्या; अडल्यावर जोर लावला की स्प्रिंग जाते. चावी रोज एकाच वेळी द्या. लोखंडी कपाटावर ठेवलं तर कपाट घुमतं आणि टिकटिक दुप्पट होते, त्यामुळे लाकडी फळीवर, चारपदरी घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेवा.

काट्यांच्या घड्याळात एक गोम असते. त्याला सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा यांतला फरक कळत नाही. दुपारीच गजर लावून खटका वर करून ठेवलात तर तो संध्याकाळी सहाला वाजतो, कोणीतरी बंद करतं आणि सकाळी सगळे झोपून राहतात. खटका निजताना वर करायचा. गजराचा काटाही मिनिटामिनिटाला नेमका नसतो. दहा मिनिटं पुढेमागे होतात. पहिल्या सुट्टीच्या दिवशी एकदा वाजवून बघा, आपलं घड्याळ किती लबाड आहे ते कळेल. आणि तोंड भिंतीकडे करून ठेवा. रात्री जाग आल्यावर ‘अडीच वाजले, म्हणजे साडेतीन तास उरले’ असा हिशेब सुरू झाला की झोप उडालीच.

उशाशी दोन सेलची बॅटरी ठेवा. मोबाइलच्या टॉर्चपायी पाणी प्यायला उठलेला माणूस मेसेज वाचून परत येतो. दूध, पेपर, कामाच्या मावशी यांचे निरोप रात्री आठच्या आत देऊन टाका. दाराबाहेर दुधाची पिशवी अडकवत असाल तर तिच्यात चिठ्ठी टाकणं आजही चालतं. औषधांसाठी सात खणांची डबी आणा. खण रिकामा असेल तर गोळी घेतली, इतकं सोपं.

उद्याच्या कामांसाठी वही. नऊच्या सुमाराला पाच मिनिटं बसून लिहायचं, तेही नेमकं. ‘बँक’ असं लिहून भागत नाही. ‘११ वाजता बँक, पासबुक, आधारची झेरॉक्स, दोन फोटो’ असं लिहा. अर्धवट राहिलेली गोष्ट डोक्यात घोळत राहते, ती कागदावर पूर्ण उतरली की घोळणं कमी होतं. नुसता शब्द लिहिला तर बाकीचं डोक्यातच राहतं.

राहिले तातडीचे फोन. गावी वयस्कर आईवडील असतील तर मोबाइल बंद करायचा नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून ठरावीक चार-पाच नंबरांना परवानगी द्या, ‘रिपीट कॉलर्स’ चालू ठेवा आणि रिंग मोठी करा. म्हणजे नेमलेली माणसं कधीही पोहोचतात, आणि बाकीच्या कोणाला खरीच निकड असली तर लागोपाठ दुसऱ्यांदा केलेला फोन वाजतो. घरच्या ग्रुपवर एकदा सांगून टाका: नऊनंतर काही असेल तर मेसेज नको, फोन करा. चार्जर बाहेरच्या खोलीत, दाराजवळ. बेडरूममधला चार्जर उचलूनच टाका. प्लग दिसला की मोबाइल आपोआप तिथे येतो.

वेळेचं गणित उठण्यापासून

बहुतेक जण ‘आजपासून दहाला झोपायचं’ असं ठरवतात. झोप ठरवून येत नाही, उठणं मात्र ठरवता येतं. आधी उठायची वेळ पक्की करा, रविवारसकट. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा. सकाळी सहाला उठायचं तर मोठ्यांनी साडेदहाला अंथरुणावर असावं, म्हणजे डोळा लागेपर्यंतचा अर्धा तास हाताशी राहतो.

साडेदहापासून मागे मोजा. मोबाइल नऊला बाहेर, जेवण साडेसात ते आठ, घरातला उजेड साडेसातपासून कमी, शेवटचा चहा चारला. चहातलं कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक थोडं कमी-जास्त. सहाला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन अकरालाही अंगात असतं. ‘मला चहाने काही होत नाही, पिऊनसुद्धा झोप लागते’ असं म्हणणाऱ्यांना झोप लागते हे खरं, पण ती उथळ होते आणि पहाटे मोडते. संध्याकाळी कप हातात हवाच असेल तर गवती चहाची दोन पाती आणि आल्याचा तुकडा पाण्यात उकळा, चहापूड न घालता. कटिंगही चहाच, याची आठवण ठेवलेली बरी.

सध्या एकला झोपत असाल तर एकदम साडेदहावर उडी मारू नका. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं मागे या.

दिवेलागण

मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीला सव्वासातनंतर. नागपुरात वीस ते तीस मिनिटं आधी. घड्याळाची वेळ पाळण्यापेक्षा दिवेलागणीची वेळ पाळा. ज्या घरी देवाजवळ दिवा लागतो तिथे खूण आयतीच आहे. समईत तिळाचं किंवा खोबरेल तेल, एक वात. समई पडद्यापासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवायची, आणि निजण्याआधी वात शांत करायची. जळता दिवा ठेवून झोपायचं नाही. घासलेटचा कंदील बंद खोलीत नकोच, धूर आणि विषारी वायू दोन्ही कोंडतात. देवधर्म करत नसाल तर याच वेळी एक दिवा लावणं आणि बाकीचे दोन बंद करणं एवढाच विधी पुरे.

लहान मुलं असतील तर पर्वचा, म्हणजे दिवेलागणीला श्लोक-पाढे म्हणणं, पुन्हा सुरू करायला हरकत नाही. श्लोक म्हणा किंवा म्हणू नका, पण पाढे म्हणा. तीसपर्यंतचे पाठ असतील तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे. पंधरा मिनिटं एका लयीत म्हणत राहिलं की मुलं आपोआप मंदावतात. हे काम अभ्यास म्हणून करून घेतलं की मात्र रडारड होते आणि सगळंच मुसळ केरात.

उजेडाचं कारण समजून घ्या. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचा संबंध बघण्यापेक्षा शरीराच्या घड्याळाशी जास्त असतो. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर उजेड त्यांना सगळ्यात जास्त जागवतो. तो मिळत राहिला की मेंदूला अजून दिवसच आहे असं वाटतं आणि मेलाटोनिन हे रात्रीची वर्दी देणारं संप्रेरक उशिरा सुटतं. आपल्याकडच्या पांढऱ्याशुभ्र एलईडी ट्यूब बहुधा ६५०० केल्विनच्या असतात (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर). खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेलं असतं. निजायच्या खोलीसाठी २७०० किंवा ३००० केल्विनचा ‘वॉर्म व्हाइट’, ३ ते ५ वॅटचा बल्ब आणा. पिवळा म्हणून १५ वॅटचा लावलात तर उपयोग नाही, कारण रंगाइतकाच किंवा त्याहून जास्त फरक उजेडाच्या प्रमाणाने पडतो. मोबाइलचा ‘नाइट मोड’ अपुरा पडतो तोही याचमुळे. शिवाय पडदा पिवळा झाला तरी त्यावरचं भांडण तेवढंच रंगतं.

दिवा छताला नको. डोळ्यांच्या खाली, तिवईवर, भिंतीकडे तोंड करून ठेवा. उजेड किती असावा? पेपरचा मथळा सहज वाचता यावा, बातमीचं बारीक अक्षर वाचायला त्रास पडावा. वाचायला बसणाऱ्याने आपल्यापुरता दिवा खांद्यामागून पुस्तकावर घ्यावा. जिना, न्हाणीघर आणि म्हाताऱ्या माणसांची वाट यांना ही काटकसर लागू नाही. तिथे जमिनीलगत पिवळा छोटा दिवा रात्रभर असू द्या.

जेवण

निजण्याआधी अडीच-तीन तास. मुगाची खिचडी आणि तूप, ज्वारीची भाकरी आणि दुधी-पडवळासारखी भाजी, मऊ भात-मेतकूट. पिठलं-भाकरी सात वाजता ठीक, दहाला बऱ्याच जणांना पोटफुगी होते. पावभाजी, भजी आणि झणझणीत रस्सा रविवारच्या दुपारी ठेवा.

ऑफिसातून येईपर्यंत साडेआठ होत असतील तर जेवण दोन ठिकाणी वाटा. साडेपाच-सहाला डब्यातलं एक थालीपीठ किंवा वाटीभर उपमा, आणि घरी आल्यावर वाटीभर वरण-भात. यात होणारी चूक म्हणजे साडेपाचचं खाणं समोसा-चहावर निभावणं आणि रात्री पुन्हा पूर्ण ताट. उलट टोकाला जाऊन उपाशी झोपणारे पहाटे तीनला भुकेने जागे होतात. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका.

मग शतपावली. दहा-पंधरा मिनिटं, गप्पा मारता येतील इतक्या संथ चालीने, गच्चीत किंवा सोसायटीच्या आवारात. घाम आला म्हणजे जास्त झालं.

जायफळाच्या दुधाचा गाजावाजा फार आहे. कपभर, म्हणजे १५० मिलिलिटर कोमट दुधात सहाणेवर तीन-चार वळसे उगाळलेलं जायफळ पुरे. पूड असेल तर चिमूटभर. ‘झोप येत नाही, अजून थोडं घालू’ हा मोह टाळा. सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे जवळपास एक अख्खं लहान जायफळ, पोटात गेलं तर उलट्या, धडधड आणि भ्रम होतो. गरोदर बायकांनी ते घेऊच नये. दूध निजण्याआधी तासभर घ्या, नाहीतर दोनला लघवीला उठावं लागतं.

नऊ ते साडेदहा

हा दीड तास मोकळा सोडला की मोबाइल परत येतो. हाताला काम हवं, डोक्याला नको, आणि डोळ्यांना तर अजिबात नको. जुन्या कामांत याला सगळ्यात चपखल बसतं ते वाती वळणं. सरकी काढलेला कापूस बोटांनी पिंजून सुपारीएवढा पुंजका घ्यायचा, पसरून रुपयाएवढी चकती करायची, कडा एकत्र आणून वर ओढायच्या आणि चिमटीला दुधाचं बोट लावून टोक वळायचं. फुलवात बसकी राहिली पाहिजे. नीट उभी न राहता कलंडली तर खाली कापूस कमी झाला. पंचवीस वाती व्हायला साधारण अर्धा तास लागतो आणि त्या मंद उजेडात न बघताही होतात. पुरुषांनीही कराव्यात, कापूस कोणाला ओळखत नाही.

पत्ते खेळायचे तर बदाम सात. मेंढीकोटात आरडाओरडा होतो, आणि झब्बू दिलेला माणूस तासभर धुमसत राहतो. बुद्धिबळ सकाळी. वाचायला छापील पुस्तक, शक्यतो आधी वाचलेलं. रहस्यकथा पुढच्या पानाकडे ओढत नेते. रेडिओ असेल तर विविध भारतीवरची जुनी गाणी हळू आवाजात, बातम्या नाहीत.

नऊ-सव्वानऊला गरम पाण्याने अंघोळ केली तर फार उपयोग होतो, निजण्याआधी एक ते दोन तास. पाणी चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे कोपराला सुखद लागेल इतकं, आणि दहा मिनिटं. गरम पाण्याने हातापायांकडे रक्त येतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं आतलं तापमान उतरतं. झोप येते ती या उतारावर. म्हणूनच अंघोळ करून लगेच पडलं तर उलट तळमळ होते. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पाणी कोमट घ्या, गारेगार नको. गार पाण्याने कातडीजवळचं रक्त आत सरकतं.

तळपायाला तेल

दहाच्या सुमाराला. चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर तिळाचं तेल दोन्ही पायांना पुरतं. वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवली की कोमट होतं, गॅसवर ठेवायची गरज नाही. खाली जुना पंचा घाला. तळव्याला तेल चोळून घेतलं की काशाची वाटी पालथी धरायची, तिचा फुगीर बुंधा तळव्याला टेकवायचा आणि टाचेपासून बोटांकडे लहान लहान वर्तुळं काढत जायचं. दाब एवढाच की वाटी घसरावी, रुतू नये. एका पायाला पाच ते सात मिनिटं. तळव्याच्या कमानीत थोडं जास्त रेंगाळा.

थोड्या वेळाने तेल करडं-काळं होतं. ‘अंगातली उष्णता निघाली’ असं म्हणायची पद्धत आहे, पण तो काळा रंग काशाचा असतो. कासं म्हणजे तांबं आणि कथील; घासताना धातूचे कण आणि तेल मिळून तो रंग येतो. बरं वाटतं ते चोळण्याने आणि स्वस्थ बसण्याने. काशाची वाटी नसेल तर अंगठ्याने चोळलं तरी तेवढंच काम होतं. खरं कासं ओळखायचं तर बोटांच्या टोकांवर वाटी तोलून टिचकी मारा. नाद बराच वेळ रेंगाळतो.

शेवटी नॅपकिनने तळवे कोरडे पुसा आणि सुती मोजे घाला. या सबंध दिनक्रमातला सगळ्यात मोठा अपघात इथेच होतो: तेलकट पायाने फरशीवरून न्हाणीघरात जाणं. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर तेल गरम करू नका आणि वाटी वापरू नका, भाजलेलं-खरचटलेलं कळत नाही. पायावर फुगलेल्या शिरा असतील तर त्या जागी दाब नको.

अंथरूण

अंथरुणावर फक्त झोपायचं. तिथे बसून वही लिहिणं, वाती वळणं, भांडणं नको. मच्छरदाणी चारी कोपऱ्यांना ताणून बांधा आणि गादीखाली वीतभर खोचा. कोपऱ्यात सैल राहिली की डास तिथूनच शिरतो. दारं-खिडक्या लावून कॉइल पेटवण्यापेक्षा ही कितीतरी बरी. खिडकीची एक फट आणि पंखा चालू.

डोळा लागत नाही असं वाटायला लागलं, अंदाजे वीस मिनिटं झाली (घड्याळ भिंतीकडे तोंड करून आहे, अंदाजच करा), तर उठा. बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा, राहिलेल्या वाती वळा, आणि पेंग आल्यावरच परत या. पडून तळमळत राहिलं की मेंदू अंथरुणाचा संबंध तळमळीशी जोडतो. उशीर कितीही झाला तरी सकाळी गजरालाच उठायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी डुलकी लागली तर तीनच्या आत, वीस मिनिटं.

कुठे बिघडतं

पहिले चार-पाच दिवस कंटाळा येतो, हात खिशाकडे जातो, आणि झोप सुधारल्याचं काहीच दिसत नाही. निदान दोन आठवडे द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी दोनच आकडे लिहा: अंदाजे कधी डोळा लागला आणि कधी उठलो. मनगटावर झोप मोजणारं यंत्र बांधू नका, त्याचे गुण बघायला पुन्हा मोबाइल लागतो.

काही जण उत्साहाच्या भरात साडेआठलाच आडवे होतात आणि तीनला टक्क जागे. मंद उजेडात पेंग लवकर येते, ती थोपवून धरा. भांडी आवरा, गच्चीत जा.

घरातल्या ज्येष्ठांची नऊची मालिका बंद करायला जाऊ नका, महाभारत होईल. टीव्ही भिंतीवर लांब असतो, तोंडाजवळच्या मोबाइलइतका उजेड डोळ्यांत जात नाही. एक मालिका, दिवे मंद, साडेनऊला बंद, एवढं ठरलं तरी पुष्कळ. एकाच खोलीत सगळे निजत असतील आणि एकाला अभ्यास असेल तर कपाटाच्या आडोशाला टेबल आणि दिवा, बाकीच्यांची डोकी विरुद्ध दिशेला. शेजारी नवरा किंवा बायको अंथरुणात मोबाइल बघत असेल तर उपदेश चालत नाही. निदान चार्जर बाहेर हलवा, बॅटरी संपली की प्रश्न बराचसा सुटतो.

रात्रपाळी करणाऱ्यांना हे वेळापत्रक असंच्या असं लागू होत नाही. त्यांनी क्रम तोच ठेवून वेळा आपल्या निजण्यापासून मागे मोजाव्यात आणि सकाळी घरी येताना भर उन्हात फार वेळ काढू नये. मोठ्याने घोरताना मधेच श्वास अडकत असेल, दिवसा गाडी चालवताना डोळे मिटत असतील, किंवा आठवड्यातून तीन-तीन रात्री तीन महिने झोप होत नसेल तर वाती आणि तेल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

सकाळी गजर झाला की खटका खाली करा आणि सरळ गॅलरीत किंवा गच्चीत पंधरा-वीस मिनिटं. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि रात्री झोप कधी येणार ते तोच ठरवतो. चहा तिथेच घ्या. दाराजवळचा मोबाइल त्यानंतर.